फरसानची थोडक्यात माहिती

शाळेत भूगोलाच्या पेपरात 'थोडक्यात माहिती लिहा' असा एक प्रश्न असे आणि त्यात मला पाचपैकी साडेचार गुण ठरलेले असत. स्थान, हवामान, पिके, व्यवसाय, प्रेक्षणीय स्थळे या क्रमाने लिहायचं, अक्षर वळणदार काढायचं आणि शेवटी 'तेथील लोक प्रेमळ व कष्टाळू आहेत' हे वाक्य टाकायचं. बाईंनी शिकवलं होतं तसंच मी लिहीत गेले. कधी न पाहिलेल्या कितीतरी देशांतले लोक मी असे प्रेमळ आणि कष्टाळू करून टाकले. ही सवय पुढे सौदी अरेबियात माझ्याच अंगाशी येईल, असं तेव्हा वाटण्याचं काही कारण नव्हतं.

मी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील तिथल्या हायस्कुलात शिपाई होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. शाळेतली मुलं त्यांना मामा म्हणायची. मी त्याच शाळेत शिकले आणि मग पुण्याला बी. एस्सी. नर्सिंग केलं. आमच्या घरातच नव्हे, तर सगळ्या भावकीत पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. फॉर्म कुठे मिळतो, कोणत्या प्रती साक्षांकित करायच्या, वसतिगृहासाठी अर्ज कुणाच्या नावे करायचा, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सगळं शाळेतल्या सरांनी आणि बाईंनी केलं. हेडसरांनी तर पुण्याच्या पत्त्याचं पाकीटसुद्धा स्वतः चिकटवलं होतं. ते उपकार मी विसरलेले नाही, आणि विसरू नयेत असंच मला वाटतं.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत सौदीच्या सरकारी दवाखान्यांसाठी मुंबईत मुलाखती होत. मी गेले, निवडले गेले. कागदावर जिझान असं गाव होतं, सौदीच्या अगदी दक्षिणेचं बंदर. तिथे उतरल्यावर कळलं की आणखी पुढे जायचंय, बोटीनं, फरसान बेटावर.

सौदी म्हटलं की आपल्याकडे वाळवंट, उंट आणि तेलाच्या विहिरी डोळ्यांपुढे येतात. माझ्या वाट्याला समुद्र आला. तांबड्या समुद्रातलं पोवळ्याच्या दगडाचं सपाट, फिकट पांढरं बेट. त्याच दगडाची जुनी घरं, खाडीत उगवलेली खारफुटी, आणि दवाखान्याच्या कुंपणापर्यंत येऊन टकमक बघणारी हरणं. नदी नाही, डोंगर नाही. बेटावरून जिझानला जायला सरकारी बोट. तिकीट नाही, फक्त आधी यादीत नाव लिहायचं. तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागे. बायकांना बसायला वेगळी जागा, खाली गाड्या.

पहिल्या महिन्यात ड्रेसिंगच्या खोलीत एक म्हातारी आली. साखरेचा आजार, पायाला जखम. मी पट्टी बांधत होते तेव्हा मोगऱ्याचा वास आला. मला वाटलं, भास झाला. वर बघितलं तर तिच्या ओढणीखाली केसांत घसघशीत गजरा. त्या भागातल्या बायका मोगऱ्याचे गजरे माळतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बघतच राहिले, तर तिनं गजऱ्यातला एक पदर तोडून माझ्या हातावर ठेवला. तिला कळलं मी हिंदी आहे, म्हणजे भारतातली. मग पुढच्या खेपांत, माझी अरबी जमू लागली तसं, तिनं सांगितलं की तिचे वडील मोती घेऊन 'बॉम्बे'ला जायचे. इथल्या मोत्यांचे व्यापारी जहाजानं तिकडे जात आणि येताना कापड, लाकूड, रंग आणत. 'बॉम्बे' म्हणताना ती असा हात करायची, जणू ते समोरच्या गल्लीत आहे. मला ती 'या बिन्ती' म्हणून हाक मारायची, म्हणजे अगं लेकी. त्या हाकेवर मी पुष्कळ दिवस काढले.

दादांना मी दर शुक्रवारी फोन करायची. शुक्रवार इथे सुट्टीचा, तिकडे मात्र शाळा चालू. घरी फोन नव्हता, म्हणून हेडसरांनी ऑफिसातल्या फोनवर परवानगी दिली होती. दुपारची मधली सुट्टी झाली की दादा तिथे उभं राहून बोलत. उभंच. त्या ऑफिसात ते पस्तीस वर्षं आत-बाहेर करत होते, पण खुर्चीला कधी टेकले नव्हते.

"काय भाजी केलीस आज?"

"भाजी नाही दादा. चार दिवस बोट आली नाही."

"का बरं?"

"वारं सुटलंय."

"मग खायलीस काय?"

"डाळ. कांदेसुद्धा संपलेत."

"बेटावर पिकत न्हाई का कांदा?"

"खजूर पिकतो. उन्हाळ्यात अख्खं गाव घरं बंद करून खजुराच्या बागेत राहायला जातं."

"आन्‌ गोडं पाणी कुठनं येतं गं, भोवती सगळं खारं असल्यावर?"

असे त्यांचे प्रश्न. समुद्राचं पाणी गोड कसं करतात, हरणांना कुणी मारत कसं नाही, कपडे वाळतात का. मी सगळं सांगत असे, कारण ते विचारत असत. फोनचं कार्ड संपायला आलं की मध्येच टीं टीं वाजायचं आणि दादा म्हणायचे, "ठेव ठेव, पुढच्या शुक्रवारी."

तीन वर्षं अशी गेली. मग एका शुक्रवारी ते म्हणाले, "मी ह्या साली निवृत्त व्हायलोय. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, निकालाच्या आदल्या दिवशी, समारंभ ठेवलाय म्हणं."

"वा! मग?"

"मग काय. शाल देतेत. खुर्चीत बसायला लावतेत, अध्यक्षांच्या शेजारी."

"बसा की."

मग हळूच म्हणाले, "तू आलीस तर बसतो. न्हाईतर मी काय जात न्हाई त्या दिवशी. तब्येतीचं सांगंन."

दादा खोटं बोलणारे नव्हेत, आणि हट्ट करणारे त्याहून नव्हेत. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच. मी म्हणाले, "येते."

म्हणाले खरं, पण आमच्याकडे नियम असा होता की बदली नर्स बेटावर येऊन, पंधरा दिवस सोबत काम करून, वहीत सही केल्याशिवाय रजा मिळत नसे. आणि बेटावर यायला कुणी तयार नसे. माझ्या जागी आधी दोघी आल्या होत्या. एक बोटीवरूनच परत फिरली. दुसरी आठवडाभर टिकली.

आमच्या मुख्य सिस्टर केरळच्या. सगळ्या त्यांना चेची, म्हणजे ताई, म्हणत, मीही. त्यांनी मला बोलावलं आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "देखो, केरला का लड़की नहीं आएगी. उनका बड़ा हॉस्पिटल में सब का पहचान है. तुम तुम्हारा स्टेट से बुलाओ. तुम्हारा लिखना अच्छा है ना? अच्छा-अच्छा लिखो, मुंबई एजंट को फॅक्स करो."

"काय लिहू चेची?"

"अरे, जो है वही. थोड़ा ब्यूटीफुल करके."

मी लिहिलं. दोन पानं, मराठीत, वळणदार अक्षरात. 'फरसान हे तांबड्या समुद्रातील निसर्गरम्य बेट आहे. हवामान उष्ण असले तरी समुद्रसान्निध्यामुळे सुखद वारे वाहतात. प्रमुख पीक खजूर. मासळी मुबलक व ताजी मिळते. प्रेक्षणीय स्थळे : तुर्की काळातील किल्ला, मोत्यांच्या व्यापाऱ्यांची नक्षीदार घरे, हरणांचे कळप. तेथील लोक प्रेमळ व कष्टाळू आहेत.' वाचून पाहिलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. मला समाधान वाटलं. साडेचारचा पेपर होता.

आणि तो उपयोगी पडला. महिन्याभरात मिरजेकडची एक मुलगी तयार झाली. एप्रिलच्या सुरुवातीला मी तिला आणायला धक्क्यावर गेले. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. बुरख्यासारखा काळा अबाया नवाकोरा, पायात अडकत होता. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि काखेत प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये सगळ्यात वर माझा फॅक्स होता. अक्षरं उडत चालली होती.

तिनं चहूकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, गाव कुटं आहे?"

"हेच."

"न्हाई, म्हंजे बाजारपेठ?"

"बोट आली की भाजी येते."

"आन्‌ बोट न्हाई आली तर?"

मी म्हणाले, "येते बहुतेक."

पहिल्या दोन दिवसांत तिनं तो कागद हातात धरून मला प्रश्न विचारले. तिची चौकशी चेष्टेची नव्हती. ती खरोखरच हिशोब जुळवून बघत होती, जशी मी पुण्याला गेल्यावर प्रॉस्पेक्टस धरून वसतिगृहात फिरले होते.

"प्रमुख पीक खजूर लिवलंय. बाकीची पिकं कुठली ओ?"

"बाकीची नाहीत."

"आन्‌ सुखद वारे?"

त्याच वेळी दार उघडलं आणि भट्टीचं झाकण काढावं तसा झोत आत आला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

सगळ्यात मोठी गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली. मी जेवायला ताट वाढलं, त्यात माशाची आमटी होती. ती मागं सरकली. "ताई, मी लिंगायत. आमच्यात अंडंसुदिक चालत न्हाई."

"मग तू 'मासळी मुबलक' वाचलं नाहीस?"

"वाचलं की. मला वाटलं, लोकांचा धंदा सांगितलाय. मला खायला घालनार असं कुटं लिवलंय?"

तिचंही बरोबरच होतं.

आणि त्याच आठवड्यात हरीद आला. हरीद म्हणजे एक मासा, निळा-हिरवा, तोंडाला पोपटासारखी चोच. वर्षातून एकदाच, वसंतात, त्याचे थवेच्या थवे बेटाच्या एका खाडीत शिरतात. कधी येणार हे समुद्राच्या वासावरून कळतं म्हणतात. आमच्या म्हातारीनं आदल्या दिवशी पट्टी बांधून घेताना नाक वर करून सांगितलं होतं, "उद्या." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एकही पेशंट नाही. सगळं बेट खाडीवर. इशारा झाला की पुरुष जाळी घेऊन धावत पाण्यात शिरतात, पोरं, म्हातारे, सगळे. आणि मग तो मासा घरोघर वाटायचा. शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, लग्न ठरलेल्या घरी आधी. परक्या गावाहून आलेल्यांना तर हटकून. त्यांच्या दृष्टीनं आम्ही दवाखान्यातल्या बाया म्हणजे बेटाच्या पाहुण्या.

दुपारी आमच्या क्वार्टरच्या दाराशी पाच बादल्या होत्या. वर आणखी एक टब. चकाकणारे निळे मासे, चोची वासलेले. चेचीच्या आनंदाला पारावार नव्हता. ती पदर खोचावा तशी ओढणी खोचून सुरी परजत होती. आणि आतल्या खोलीत ती मिरजेची मुलगी नाकाला रुमाल लावून पलंगावर उकिडवी बसून रडत होती.

मी जवळ गेले तशी तिनं फाइलमधून फॅक्स काढला.

"ताई, हे तुमी लिवलंय न्हवं?"

"हो."

"असं का लिवलं ओ?"

मी खरंच विचार करून उत्तर दिलं. "माहिती अशीच लिहितात."

"कोन लिवतं?"

मी फॅक्स तिच्या हातातून घेऊन त्याची घडी घातली.

"मी परत जानार. शनिवारच्या बोटीनं." तिनं डोळे पुसले. "तुमीच अर्ज लिवून द्या. माझं इंग्लिश असलं-तसलं आहे. तुमचं लिवनं चांगलं आहे, चेची म्हनत होत्या."

मी म्हणाले, "देते."

देते म्हणाले आणि दोन दिवस दिला नाही. ड्युटी आहे, पेन चालत नाही, कागद चांगला हवा, अशी कारणं सांगितली. एवढी कारणं मी आयुष्यात कधी सांगितली नव्हती. मधल्या शुक्रवारी दादांना फोन लावला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "हेडसरांनी नवं कापड घेऊन दिलं. नेहरू शर्ट शिवलाय. जरा लांब झालाय, पण बरा दिसतो म्हणतेत. तुझी बोट कधी गं?"

"अजून ठरायचंय दादा."

"आवाज असा काय? बरं न्हाई का?"

"बरं आहे."

"बरं. वारं बंद आहे न्हवं?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ फोनच्या दुकानाबाहेर उभी राहिले. ती मुलगी गेली तर माझी रजा गेली, आणि दादा त्या दिवशी घरात पांघरूण घेऊन पडून राहणार, नवा शर्ट पेटीत ठेवून. हे सगळं खरं होतं. पण तिला अर्ज हवा होता हेही तितकंच खरं होतं. तिनं माझ्या अक्षरावर भरवसा ठेवून समुद्र ओलांडला होता. आता पुन्हा माझ्याच अक्षरावर भरवसा ठेवून परत जायला निघाली होती. एका माणसाच्या भरवशाशी दोनदा खेळणं मला जमण्यासारखं नव्हतं.

त्या दुपारी मी दोन कागद घेऊन बसले. एकावर अर्ज लिहिला, नीट, इंग्रजीत, सही करायची जागा सोडून. दुसऱ्यावर फरसानची माहिती पुन्हा लिहिली. या वेळी क्रम जमला नाही. जसं आठवेल तसं लिहीत गेले. की मे ते सप्टेंबर कपडे दोरीवर वाळतात पण खारट होतात, अंगाला टोचतात. वारं सुटलं की बोट बंद, तिसऱ्या दिवशी टोमॅटो संपतात, पाचव्या दिवशी कांदे, म्हणून डाळ आणि तांदूळ महिन्याचे आधीच भरून ठेवावेत. पेशंटला हिंदी येत नाही, 'वजा' म्हणजे दुखणं, हा शब्द सगळ्यात आधी शिकावा. मासे खात नसाल तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना तसं सांगावं, नाहीतर प्रेमानं मासेच मिळतात. चेची ओरडते, पण तुमची मासिक पाळी असली की स्वतः रात्रपाळी घेते. हरणांना पाव घालू नये, मग ती दार सोडत नाहीत. ड्रेसिंगला एक म्हातारी येते, ती गजरा देते, नाही म्हणू नये. पहिले दोन महिने रडू येतं.

दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. ती आधी अर्ज वाचेल असं वाटलं होतं. तिनं माहिती वाचली, ओठ हलवत, सावकाश.

"हे खरं?"

"खरं."

"दोन महिने रडू येतं? तुमालाबी?"

"मला तीन महिने येत होतं."

"मग दोन का लिवले?"

आणि मग ती हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. "तुमी काय सुधारनार न्हाई ताई."

मग अर्ज उचलून बघितला, सही केली नाही. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाली, "चेची म्हनत होत्या, माझ्यापायी तुमची रजा अडलीय."

"तो माझा प्रश्न आहे."

"कशाची रजा?"

सांगायचं नव्हतं. पण तिनं विचारलं आणि मी सांगितलं. शाळा, शाल, खुर्ची. दादा काय म्हणाले ते. ती ऐकत राहिली. तिचे वडील मिरजेत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, हे मला तेव्हा कळलं. तेही डॉक्टरांपुढे कधी बसले नव्हते, म्हणाली.

मग अर्ज माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "हे पंधरा दिवस आन्‌ तुमचे तीस दिवस. तुमी परत आलात की त्याच बोटीनं मी जिझानला. भाजी मिळंल तिथं. तसा अर्ज लिवा."

"खरंच राहशील?"

"शब्द म्हंजे शब्द. पन चेचीला सांगा, माझ्या भांड्यात मासा शिजवायचा न्हाई."

मी तो अर्ज फाडला आणि बदलीचा दुसरा लिहिला. चेचीनं शिक्का मारताना दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, "दोनों पागल." पण दुसऱ्या दिवसापासून तिनं एक भांडं, एक कढई आणि एक पळी वेगळी काढून त्यांना लाल दोरा बांधला.

पंधरा दिवस मी तिला काम दाखवलं. औषधांचं कपाट, इन्सुलिनची पेटी, कोणता पेशंट सुईला घाबरतो, कोणता घाबरल्याचं सोंग करतो. ड्रेसिंगला म्हातारी आली तेव्हा ही मुलगी मासा खात नाही असं मी तिला सांगितलं. म्हातारीनं 'वल्लाह!' करत कपाळावर हात मारला. मग काळजीनं विचारलं, "कुणी शपथ घातलीय का हिला?" आणि पुढच्या खेपेला उकडलेल्या शेंगांचा डबा आणि ज्वारीची जाड भाकरी घेऊन आली. भाकरी बघून ती मुलगी मटकन खाली बसली. "ताई, हे लिवलं न्हाईत तुमी!" म्हणाली. मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या भागात ज्वारी पिकते, आणि मी तीन वर्षं जिझानहून तांदूळ आणत होते.

मी गेले. आणि ठरल्याप्रमाणे तीस दिवसांनी परत आले.

बोट धक्क्याला लागली तर ती समोरच उभी. बॅग भरलेली, फाइल काखेत. तीच बोट दोन तासांनी तिला घेऊन जाणार होती. मला वाटलं होतं, इतके दिवस राहिली आहे, तर आता कदाचित राहील. एकदा विचारूनही बघितलं.

"न्हाई ओ ताई. ही बदली मी मागून घेतलीय, आता तुमचं तुमी बघा. म्हातारीची जखम भरत आलीय. इन्सुलिन सोमवारी संपतंय." मग माझा हात धरून तिनं मला सावलीत नेलं. "आता सांगा. झाला का समारंभ?"

"झाला. मी पोचले त्याच्या आदल्या दिवशीच मंडप—"

"मंडप राहू दे. खुर्चीत बसले का दादा?"

"बसले."

"कसे?"

मग मी सांगितलं. मंचावर खुर्च्या मांडल्या होत्या, त्या दादांनीच सकाळी मांडल्या होत्या. नाव पुकारल्यावर ते वर गेले आणि अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीमागे जाऊन तिची पाठ धरून उभे राहिले, कुणीतरी बसणार असल्यासारखे. हेडसर म्हणाले, मामा, बसा, ती तुमचीच आहे. मंडपात मुलं हसली. दादांनी खाली माझ्याकडे बघितलं. मी बायकांच्या रांगेत होते. मी नुसता हात खाली केला, बसा म्हणून. तेव्हा बसले. नवा शर्ट गुडघ्यापर्यंत आला होता, तो दोन्ही हातांनी सावरून बसले. पाठ टेकली नाही.

"मग?"

"मग हेडसरांनी मलाच वर बोलावलं. म्हणाले, आपली माजी विद्यार्थिनी सौदीबद्दल दोन शब्द सांगेल. मी सुरू केलं, फरसान हे तांबड्या समुद्रातील—"

"अगं बाई! परत तेच?"

"सवय. पण पुढे बोलूच दिलं नाही. पुढच्या रांगेतली एक पाचवीतली पोर उठली आणि म्हणाली, हे आम्हाला मामांनी सांगितलंय. दुसरा म्हणाला, वारं सुटलं की बोट बंद होते आणि कांदेसुद्धा मिळत नाहीत. तिसरा म्हणाला, तिथे हरणं दारात येतात. दर शुक्रवारी माझा फोन झाला की दादा बाहेर येऊन मुलांना सगळं सांगायचे. तीन वर्षं. अख्ख्या शाळेला फरसान पाठ होतं."

"म्हंजे पोरांना खरी माहिती," ती माझ्या दंडावर चापट मारत म्हणाली, "आन्‌ मला खोटी!"

"खोटी नव्हती गं."

"बरं, अर्धी. पुढं?"

"पुढे ती पाचवीतली पोर पुन्हा उठली. म्हणाली, आणि ताई तिथं गेली तेव्हा तीन महिने रडत होती."

तिनं विचारलं, "हे तुमी सांगितलं होतं दादांना?"

"कधीच नाही. एकदाही नाही. फोनवर मी नेहमी हसूनच बोलायची."

धक्क्यावरचा माणूस बायकांना हाका मारू लागला. गाड्या बोटीच्या पोटात शिरत होत्या. तिनं अबाया सावरला, पण निघाली नाही.

"मग तुमी काय केलं, मंचावर?"

"काय करणार. पोरं हसत होती, मला काही सुचेना. मग दादाच बसल्या जागेवरून म्हणाले, अरे, आता नाही रडत ती, गप बसा. आणि मग शाल दिली."

"किती वेळ बसले एकून?"

"पूर्ण कार्यक्रम. दीड तास."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मोठ्यानं हसली. "दीड तासासाठी दीड महिना काढला ओ मी!"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"चालतंय की," ती म्हणाली, आणि बॅग उचलून बायकांच्या दाराकडे चालू लागली.